आजोबा साचेवाले : ट्रंकेतले कागद आणि न जुळणारा हिशेब

तळकोकणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांबद्दल लिहायला घेतलंय. ते पुढारी नव्हते, शाहीर नव्हते, कुठल्या मोर्चाच्या फोटोतही नाहीत. कणकवली तालुक्यातून मुंबईला आले, लालबागच्या एका कापडगिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवले आणि म्हातारपणी गावी जाऊन वारले. घरात एवढीच गोष्ट सांगितली जायची, आणि तिचा शेवट ठरलेला : "संपात नोकरी गेली."

आता त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आलीय. आत गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र), ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची एक स्लिप, रेशनकार्ड, थोड्या पगारपावत्या आणि तारेत ओवलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा. मला वाटलं होतं, कागद मिळाले की काम सोपं होईल. झालं भलतंच.

आडनाव : तिकिटावर गावाच्या नावावरून पडलेलं, सातबारावर घराण्याचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दोन वेगळी माणसं वाटतात.

जन्मतारीख : कार्डावर 1-6-1930. ते स्वतः मात्र सांगायचे, "रामदास बुडाली त्या साली गणपती झाल्यावर आगबोटीने आलो, तेव्हा मिसरूड फुटत होतं." रामदास बोट रेवसला जाताना बुडाली 17 जुलै 1947 ला, सहाशेच्या वर माणसं गेली. म्हणजे ते मुंबईला आले 1947 च्या पावसाळ्यानंतर. पंधरा ऑगस्टचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही. आई धक्क्यावर रडत होती आणि बोटीत बसू देत नव्हती, हे मात्र दर वेळी यायचं. मिसरूड फुटत होतं म्हणजे पंधरा-सोळा. मग 1930 कसं बसणार?

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढलाय. एक पगारपावती 1983 सालची आहे. त्याच गिरणीची, त्याच तिकीट नंबरची. मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला आणि तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. मग ही पावती कसली?

जाणकारांनी मदत करावी. आणि हे लिहावं की लिहू नये, यावरही बोला.

जुना परळकर

वाचून बरं वाटलं. मी गिरणीत नव्हतो, पण वडील आणि दोन काका होते, त्यामुळे भोंग्यावर वाढलोय.

एक जून सोडून द्या हो. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनची एक तारीख टाकली की मूल इयत्तेत बरोबर बसायचं. वर्षाचं म्हणाल तर गिरणीत वय वाढवूनच सांगायचे. कमी वयाच्या पोराला पूर्ण पाळी देता येत नसे, आणि अर्ध्या पाळीच्या पोराला घेणार कोण? जॉबरच, म्हणजे माणसं भरणारा मुकादमच शिकवायचा, "सतरा पुरी सांग."

आल्या आल्या साचा मिळाला असेल असं समजू नका. आधी बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम. पाळी सुरू व्हायच्या वेळी खात्याच्या दाराशी उभं राहायचं. कुणाची दांडी पडली तर काम, नाहीतर परत खोलीवर. अशी वर्षं जायची. कायम होण्यासाठी जॉबरची मर्जी लागे, आणि मर्जीला दस्तुरी, म्हणजे लाच. तिकिटावर गावाचं आडनाव कसं आलं तेही यातच आहे. जॉबर गाववाला असणार. त्याने कारकुनाला सांगितलं, "आमच्या गावचा पोरगा," कारकुनाने गाव लिहिलं. पुढे फंडापासून रेशनपर्यंत सगळीकडे तेच चिकटलं.

तुमचे आजोबा घरी मोठ्याने बोलायचे का? साचेखात्यात शेकडो साचे एकदम ठोकत असायचे. तिथे माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. आमचे काका पलंगावर शेजारी बसून सुद्धा हाक मारल्यासारखं बोलायचे, आणि आम्ही पोरं ते रागावलेत समजून पळायचो.

तळकोकणी

अगदी! आजी म्हणायची, ह्यांचं गुपित सगळ्या वाडीला ठाऊक.

जॉबर गाववाला होता हे खरं. पुढे त्याच्याच ओळखीने आजोबांना गाळ्यात वळकटी टाकायला जागा मिळाली. एका पाळीची माणसं उठली की दुसऱ्या पाळीची तिथेच आडवी व्हायची.

मोडीवाचक

गिरणीच्या कागदांवर थांबू नका. ते माणसाला मुंबईत पाय ठेवल्यापासून ओळखतात. आधीचं गावात शोधा.

पहिलं, प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. दुसरी-तिसरीपर्यंत गेले असले तरी नोंद असते, आणि तिथे आडनाव कोणतं लिहिलंय ते बघा. दुसरं, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, "अमक्यास मुलगा झाला" एवढंच. जुनी पानं मोडीत निघतील. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे हीच पुस्तकं बरीच उघडली गेली आहेत, त्यामुळे आता विचारलं तर कर्मचारी चमकून बघत नाहीत.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं म्हणजे फेरफार, नमुना 6. सातबारा तुम्हाला फक्त आजची स्थिती दाखवतो. जमीन कुणाकडून कुणाकडे, वारस कोण लागले, कुळ कधी लागलं, बोजा (जमिनीवरचं कर्ज) कधी चढला आणि कधी उतरला, हे फेरफारात. 1 एप्रिल 1957, कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, त्याच्या आगेमागे कुळकायद्याच्या नोंदी भरपूर सापडतात. सातबारावर फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात, ते उतरवून घ्या आणि एकेक मागा.

अवांतर : कार्डावर जिल्हा रत्नागिरी असेल तर दचकू नका. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 ला.

रिकामा चहाचा कप

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

शिवणयंत्र

सगळं छान चाललंय, पण एक विचारू? आजोबांचा धागा आहे हे कबूल. त्यात आजी एकदाच आली, तीही गुपितावर विनोद करायला. जमीन कोण कसत होतं?

गिरणीतला पगार मुंबईत खानावळ, गाळ्याचं भाडं आणि भिशी यात विरघळायचा. जो उरेल तो मनीऑर्डरने. त्यावर गावचं घर चालत नसे, त्याला फक्त टेकू मिळे. घर चालायचं नाचणीवर आणि वरीवर, आणि ती पिकवणारी बाई होती. मालकांना कामगार स्वस्तात का मिळत होता, तर त्याची बायकापोरं आणि त्याचं म्हातारपण गावची शेती सांभाळत होती म्हणून. हे मी भावनेने बोलत नाही, हिशेबाने बोलतेय.

दुसरं, गिरणीत बायकाही होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायची, ही त्यांची खाती. रात्रपाळीला त्यांना बंदी होती, 1929 ला मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, आणि यंत्रंही बदलत गेली. मालकांनी बायका घेणं कमी केलं. माझी पणजी त्यातलीच. नंतर तिने खानावळ चालवली. पितळी डब्यांवर ज्याच्या त्याच्या खुणा, महिन्याचा हिशेब भिंतीवर कोळशाने. या खानावळवाल्या बायकांना बँकेच्या दारात उभं करायचं काम प्रेमाताई पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने 1975 पासून केलं. पणजी खात्यात मालकाच्या नजरेत नाही आणि चुलीपाशी इतिहासाच्या नजरेत नाही.

मनीऑर्डरच्या त्या पावत्यांवर अंगठा कुणाचा आहे ते बघा.

तळकोकणी

शिवणयंत्र, बघितलं. अंगठा आजीचाच. सुरुवातीच्या पावत्यांवर निळ्या शाईचा अंगठा, पुढे कधीतरी थरथरती सही सुरू होते. सही करायला तिला माझ्या आत्याने शिकवलं म्हणे. फॉर्मच्या तळाला निरोपाची जी चिंचोळी जागा असायची, तिथे आजोबांनी (किंवा त्यांच्यासाठी कुणीतरी) लिहिलेलं आहे : "बैल विकू नये." "गणपतीस येत नाही, पाळी आहे." एकावर नुसतं, "पैसे कमी आहेत. विचारू नये."

आजी अजून आहे. कान गेलेत, डोकं शाबूत. फोनवर 1983 च्या पावतीबद्दल विचारलं तर म्हणाली, "तां सगळा होऊन गेला. आता कित्याक उकरतंस?"

मालवणी माणूस

आमच्या आजोबांचा पण तसाच. संपाचा नाव काढला की उठान भायर.

रिंगखाते

बराच वेळ वाचत होतो, लिहू की नको करत. लिहितोच.

धागाकर्ते, तुमचे आजोबा साचेवाले होते हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझे आजोबाही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, त्याच सुमाराचे, मुक्काम बीडीडी चाळीत. जन्मभर रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत राहिले. साचेखात्यात पगार जास्त, कारण तिथे कापडाच्या मापावर पैसे मिळत. हात चलाख असेल तर कमाई चांगली. माझ्या आजोबांचे हात कमी चलाख नव्हते.

धोट्यातली (धोटा म्हणजे साच्यात आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिचं सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. कसं काढायचे? तोंड लावून श्वासाने ओढून. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. म्हणून साचेखात्यात महाराला घेत नसत. तुटलेलं सूत पुन्हा जोडण्यात सगळी माणसं सारखी, ओढण्यात नाही. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे गोष्ट गुप्त नव्हती, चव्हाट्यावर आलेली होती. तरी पुढे कितीतरी वर्षं खाती वाटलेलीच राहिली.

तुमच्या आजोबांवर राग नाही. पण "जॉबर गाववाला होता" हे वाक्य तुम्ही जेव्हा लिहाल, तेव्हा त्या गाववाल्याने कुणाला आत घेतलं आणि कुणाला नाही, हेही लिहा.

तळकोकणी

रिंगखाते, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. धोट्याचं मला आजोबांनीच सांगितलं होतं, पण ते सांगायचे ते कापसाची धूळ कशी छातीत जाते या अंगाने. दुसऱ्या अंगाने घरात कुणी बोललं नाही, आणि ते का, हे आता कळतंय. तुमची हरकत नसेल तर तुमच्या आजोबांचा उल्लेख मी त्याच प्रकरणात करेन, तुम्ही सांगाल त्या शब्दांत.

रिंगखाते

हरकत नाही. नाव नको. खातं लिहा.

घाटावरचा

आमचं गिरणीचं नाही, पण गोष्ट जवळची. आम्ही जावळीचे. कोयनेच्या पाण्याखाली आमची शेतं गेली, आजोबा आधीपासून मशीद बंदरला ओझी उचलत होते. माथाडीचा कायदा 1969 ला झाला, तोपर्यंत त्यांच्या नावाचा एकही कागद कुठे नव्हता. हजेरी नाही, तिकीट नाही, फंड नाही. टोळीच्या मुकादमाच्या वहीत नाव, आणि ती वही मुकादमाबरोबर गेली. तुमच्याकडे न जुळणारे का होईना, कागद आहेत. आम्ही आजोबांना पाठीवरच्या घट्ट्यावरून ओळखतो.

भोंगा

मूळ प्रश्नावर कुणी बोलतच नाहीये, म्हणून मी बोलतो. 1983 ची पावती म्हणजे आजोबा संप चालू असताना कामावर गेले. इतकं सरळ आहे.

अडीच लाख माणसं बाहेर होती. आमच्या चाळीत लोकांनी भांडी विकली, मंगळसूत्रं विकली, पोरांच्या शाळा सोडवल्या. माझे वडील परत गेले नाहीत, शेवटपर्यंत नाही. नंतर एका इमारतीत वॉचमन झाले. पोलीस बंदोबस्तात आत जाणाऱ्या लोकांना आमच्याकडे काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही. आणि आता त्याच घरात "संपात नोकरी गेली" असं सांगितलं जातं? कामगाराचा इतिहास लिहायचा तर खरा लिहा.

जुना परळकर

भोंगा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण 1983 साल म्हणजे 1982 नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत आत जाणं वेगळं आणि वर्ष उलटल्यावर, गावी पोरं उपाशी असताना जाणं वेगळं. आमचे एक काका गेले, एक नाही गेले. गेले त्यांच्याकडून हमीपत्रावर सही घेतली आणि पूर्वीच्या नोकरीचं काय ते विचारू नका असं सांगितलं. दोघे भाऊ एकाच खोलीत राहायचे. पुढची कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, मधला निरोप माझी आई सांगायची. कोण बरोबर होतं? संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांचा खून 16 जानेवारी 1997 ला झाला, तेव्हा अंत्ययात्रेला दोघेही गेले, वेगवेगळे.

भोंगा

माणूस म्हणून समजून घेऊ. पण संघटना माणूस म्हणून समजून घेण्यावर चालत नाही. शंभरातले दहा आत गेले की मालकाला कळतं, उरलेले नव्वद किती दिवस टिकतील ते.

शिवणयंत्र

आणि त्या नव्वदांच्या घरचं भागवायला कोण कुठे कामाला लागलं, तेही कळायला हवं. पापड लाटणं, भाजी विकणं, धुणीभांडी. संप टिकला त्यात त्यांचाही वाटा होता, आणि संप मोडावा असं ज्यांना वाटलं त्यांतही त्या होत्या.

तळकोकणी

भोंगा, तुम्ही बोललात ते मला लागलं, पण ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. मला आजोबांना हुतात्मा करायचं नाही आणि फितूरही करायचं नाही. मला ते काय करत होते हे हवंय.

दरम्यान मोडीवाचकांच्या सांगण्यावरून फेरफार काढले. दोन गोष्टी निघाल्या. शाळेच्या रजिस्टरातही घराण्याचंच आडनाव आहे, म्हणजे आडनाव बदललं ते मुंबईतच, परळकर म्हणाले तसं. आणि आमच्या भातशेतीच्या तुकड्यावर 1982 च्या पावसाळ्यात विकास सोसायटीचा बोजा चढला आहे. तो उतरल्याची नोंद 1984 ची. मधल्या काळातली पावती 1983 ची. कोडं सुटलं असं मला वाटतं.

मोडीवाचक

सुटलं म्हणायची घाई नको. बोजाची नोंद कर्ज सांगते, कारण सांगत नाही. पीककर्ज दर पावसाळ्यात लोक उचलतातच. त्या आधीच्या वर्षांत बोजा चढ-उतार दिसतो का? दिसत असेल तर 1982 चा बोजा नेहमीचाच, आणि तुमचा धागा जुळत नाही. दिसत नसेल तर काहीतरी वेगळं घडलं होतं.

रिंगखाते

मोडीवाचकांशी सहमत. शिवाय कर्ज त्या वर्षी सगळ्यांवर होतं. जे परत गेले नाहीत त्यांच्यावरही. कर्ज हे कारण असू शकतं, सुटका नव्हे.

तळकोकणी

आधीचे फेरफार पाहिले. त्याआधी बोजा कधीच नाही. घरात कर्ज काढायची चाल नव्हती.

मग आजीला पुन्हा विचारलं. या वेळी संप, गिरणी, पावती यातलं काही न बोलता फक्त एवढंच : त्या पावसात सोसायटीचे पैसे कशाला काढले होते? लगेच म्हणाली, आत्याच्या लग्नाला. लग्न संपाच्या आधीच ठरलेलं होतं. मोडलं असतं तर पोरीचं पुढे कोण बघणार, म्हणून हिनेच सोसायटीच्या सचिवाकडे जाऊन अंगठा दिला. आजोबांना नंतर कळलं. ते चिडले, मोठ्याने बोलले (वाडीला अर्थातच कळलं), आणि शिमग्यानंतर मुंबईला गेले ते कामावरच. "मीच पाठवलंय त्यांका," ती म्हणाली. "लोकांनी त्यांका शिव्या दिल्यानी. माका कोणी देऊक नाय."

म्हणजे निर्णय कुणाचा होता हेच आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

शिवणयंत्र

मोडीवाचक, "काहीतरी वेगळं घडलं होतं" ते हे.

एक दुरुस्ती. कर्ज आजोबांच्या नावच्या जमिनीवर, तर अंगठा आजीचा कसा चालला? एकतर त्या तुकड्यात तिचं नाव असणार, किंवा सचिवाने सांभाळून घेतलं. फेरफार पुन्हा वाचा.

तळकोकणी

वाचला. तुकडा तिच्या नावावर आहे. आजोबांनीच 1960 नंतर कधीतरी वाटणीत आलेली जमीन तिच्या नावे लावून घेतली होती. कारण लिहिलेलं नाही.

भोंगा

आजीला नमस्कार सांगा. माझं मत तेच आहे, पण नमस्कार सांगा.

जुना परळकर

व्यवहाराचं एक राहिलं. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केलाय का? 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांच्या वारसांना हक्क आहे. तिकीट, लाल पास, फंडाचा नंबर, ईएसआयसी नंबर, पगारपावती, हजेरीपत्रक, जे असेल ते जोडा. आडनावं दोन असल्यामुळे "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि शाळेच्या रजिस्टराचा उतारा त्यालाच उपयोगी पडेल. मूळ कागद कुणालाही देऊ नका, दलालाला तर मुळीच नाही. झेरॉक्स काढताना तिकिटाच्या दोन्ही बाजू घ्या, मागे खात्याचा शिक्का असतो.

तळकोकणी

अर्ज वडिलांनी भरलाय, प्रतिज्ञापत्र राहिलंय. तिकिटाच्या मागे शिक्का आहे, अर्धा पुसलेला. "साचे" एवढं वाचता येतंय, पुढचा आकडा नाही. कुणाकडे त्या काळातलं दुसरं तिकीट असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाकाल का? आकडा साच्यांचा की पाळीचा, ते ताडून बघता येईल.

रिंगखाते

माझ्याकडे आजोबांचं आहे. खातं वेगळं, पण शिक्क्याची मांडणी तीच असेल. संध्याकाळी टाकतो.